शब्दचर्चा: अनुदान, निधी, तरतूद आणि ‘लॉबिंग’

गोदाकाठ:
सिंहस्थाच्या कामांच्या बातम्यांत एकाच रकमेला कुठे ‘निधी’, कुठे ‘अनुदान’, तर कुठे ‘तरतूद’ म्हटलेले दिसते. या तिन्ही शब्दांत नेमका फरक काय? आणि नाशिक महापालिका मुंबईला जाऊन शासनाकडे जे विषय लावून धरते, त्याला ‘लॉबिंग’ म्हणावे का? प्रभागातल्या लोकांसाठी माहितीपत्रक करायचे आहे, शब्द चुकायला नकोत.

लेखाशीर्ष:
तरतूद म्हणजे अंदाजपत्रकात एखाद्या कामाच्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या ठरावीक नोंदीखाली) लिहिलेला आकडा. पैसा अजून जागचा हललेला नसतो. अनुदान म्हणजे शासनाने ठरावीक कामासाठी अटी घालून दिलेली रक्कम. दुसरीकडे वापरली तर परत मागता येते. निधी हा शब्द सैल आहे. खात्यात आलेला पैसाही निधी आणि पुढच्या वर्षी येईल अशी आशा असलेला पैसाही निधीच. त्यामुळे ‘निधी’ वाचला की त्याला जोडून कोणता शब्द आलाय ते आधी पाहावे.

‘तत्त्वतः मान्यता’ असेल तर काम शासनाला पटले आहे, सविस्तर प्रस्ताव मागितलाय, एवढाच अर्थ. ‘तांत्रिक मंजुरी’ म्हणजे आकडेमोड आणि आराखडा तपासून झाला. पाणीपुरवठा नि मलनिस्सारणाच्या मोठ्या योजनांना ती महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. ‘प्रशासकीय मान्यता’ मिळाली की अमुक रकमेपर्यंत खर्च करायला मुभा. आणि शासन निर्णयात ‘निधी वितरित करण्यास मान्यता’ असे असेल तरच पैसा निघाला. (‘वितरीत’ नको, ‘वितरित’ लिहा.)

अमृत २.० चे, म्हणजे शहरांतल्या पाणीपुरवठा-मलनिस्सारणाच्या केंद्रीय योजनेचे उदाहरण घ्या. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना केंद्राचा हिस्सा २५ टक्के. नाशिक २०११ च्या जनगणनेतच १४ लाख ८६ हजारांवर होते, म्हणजे याच गटात. समजा, १०० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. केंद्राचे २५ कोटी, तेही २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यात केंद्राकडून येणार ५ कोटी! मथळा मात्र ‘शंभर कोटींचा निधी’. माहितीपत्रकात ‘मंजूर प्रकल्प किंमत’, ‘केंद्राचा हिस्सा’ आणि ‘प्रत्यक्ष प्राप्त’ असे तीन रकाने हवेतच.

अजून एक ठेच. महापालिकेत ‘अंदाजपत्रक’ हा एकच शब्द वर्षाच्या बजेटलाही वापरतात आणि एकेका कामाच्या एस्टिमेटलाही. दुसऱ्यासाठी ‘प्राकलन’ लिहा, घोळ टळेल.

जुनेनाशिक:
मग जीएसटीपोटी महापालिकेला शासनाकडून दर महिन्याला येते ते अनुदान की भरपाई? दोन्ही वाचलेय.

लेखाशीर्ष:
भरपाई. जकात आणि नंतरचा स्थानिक संस्था कर गेल्यामुळे बुडालेले उत्पन्न २०१७ च्या राज्य कायद्याने भरून द्यायचे आहे. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष, त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढ. हा हक्काचा पैसा आहे आणि त्यातून पगारसुद्धा भागवता येतात. जमेच्या बाजूला तो ‘अनुदान’ म्हणून दाखवतात खरा, पण लोकांना सांगताना ‘जीएसटी भरपाई’ म्हणा. ‘अनुदान’ म्हटले की शासनाने मेहेरबानी केल्यासारखे वाटते.

वित्त आयोगाचे प्रकरण निराळे. पंधराव्या वित्त आयोगात दशलक्षी (दहा लाखांवर लोकसंख्येच्या) शहरांसाठी हवेची गुणवत्ता, तसेच पाणी व स्वच्छता यांतली कामगिरी पाहून पैसा होता. शिवाय लेखे वेळेत जाहीर करणे आणि मालमत्ता कराच्या वसुलीत वाढ, या प्रवेशाच्याच अटी. ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायच्या अशा पैशाला ‘बंधित’ म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण अचूक आहे.

सूचकअनुमोदक:
‘लॉबिंग’ नको. मराठी वाचकाच्या मनात त्याचा अर्थ पक्का बसला आहे: उमेदवारीसाठी लॉबिंग, सभापतिपदासाठी लॉबिंग. म्हणजे ‘फिल्डिंग लावणे’च. महापालिकेच्या कागदावर या कामाला ‘शासनस्तरावर पाठपुरावा’ म्हणतात, आणि यादीला ‘शासनस्तरावर प्रलंबित विषय’. ‘पाठ पुरवणे’ म्हणजे मागे लागणे, सोडून न देणे. अर्थ चपखल आहे.

‘साकडे घालणे’ हेही बातमीत येते. ते शिष्टमंडळाच्या भेटीपुरते ठीक. एका निवेदनाने फाईल हलत नाही. खरा पाठपुरावा अधिवेशनाच्या तारखांवर बेतलेला असतो: मार्चच्या सुमाराचे अर्थसंकल्पी, मग पावसाळी, आणि डिसेंबरात नागपूरचे हिवाळी. पैसा हवा असेल तर मागणी पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्यांत) शिरायला हवी, म्हणजे प्रस्ताव अधिवेशनाच्या बराच आधी नगरविकास विभागात पोचलेला हवा. नुसते लक्ष वेधायचे असेल तर आमदारांमार्फत तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना). लक्षवेधीने उत्तर मिळते, रक्कम मिळेलच असे नाही.

जुनेनाशिक:
आणि यादीतला क्रम? ‘प्राधान्य’ की ‘अग्रक्रम’?

सूचकअनुमोदक:
क्रमांक लावलेली यादी असेल तर ‘अग्रक्रम’. ‘प्राधान्य’ सगळ्याच कामांना देता येते, पहिला क्रमांक एकालाच मिळतो. वीस विषयांचे निवेदन दिले तर मंत्रालय आपल्या सोयीचा एखादा उचलते. तीन-चारच विषय क्रमाने, प्रत्येकासमोर लागणारी रक्कम, ठराव क्रमांक आणि फाईल मंत्रालयाच्या कोणत्या कार्यासनात (टेबलावर) आहे ते लिहिलेले, असे पान कामाचे.

ठरावाचे सांगतो, कारण इथेच प्रस्ताव सर्वाधिक अडतात. प्रस्तावासोबत महासभेचा ठराव लागतो (मार्च २०२२ पासून प्रशासक असताना तो प्रशासकीय ठराव असे). त्यात ‘मनपाचा हिस्सा भरण्यास मान्यता’ हे शब्द स्पष्ट हवेत. ‘योजना राबविण्यास मान्यता’ एवढेच असेल तर शासन त्रुटी काढते आणि पुढच्या सभेपर्यंत महिना जातो. जागा ताब्यात असल्याचा दाखला, चालू दरसूचीवरचे (शासनाच्या कामांच्या ठरलेल्या दरांवरचे) प्राकलन, आणि हे काम दुसऱ्या योजनेतून घेतलेले नाही असे प्रमाणपत्र, यांतले एक राहिले तरी तेच. दरसूची बदलली की जुने प्राकलन परत येते आणि किंमत वाढली की मनपाचा हिस्साही वाढतो. मग ठराव पुन्हा.

गोदाकाठ:
‘स्वहिस्सा’ आणि ‘दायित्व’ एकच का?

लेखाशीर्ष:
नाही. स्वहिस्सा एका योजनेत महापालिकेने घालायचा वाटा. दायित्व म्हणजे कार्यादेश दिलेल्या, पण अजून बिले न भागवलेल्या सगळ्या कामांचा बोजा. दायित्व फुगलेले असताना नव्या योजनेचा स्वहिस्सा कबूल केला तर पहिला हप्ता खात्यात पडून राहतो, कारण जोडीचा पैसा नाही. मग उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) देता येत नाही, आणि ते नाही म्हणून पुढचा हप्ताही नाही. अशा रकमेला ‘अखर्चित’ लिहा. वेळेत न वापरल्याने परत गेली तरच ‘व्यपगत’. माहितीपत्रकात हे दोन शब्द अदलाबदल झाले तर वाचणारा समजेल पैसा बुडाला, आणि तो असतो बँकेतच.