जोडलेला पीसी सुरूच होत नाही : दोष कसा शोधता?

सुटे भाग आणून घरी जोडलेला डेस्कटॉप सुरू झाला नाही की सल्ला बहुधा ‘रॅम काढून पुन्हा लावा’ इथेच थांबतो. ज्यांनी असे पीसी जोडलेत, दुरुस्त केलेत त्यांनी आपला अनुभव इथे लिहावा. लक्षण नेमकं काय, तपासणी कोणती आणि तिच्यातून काय वगळता येतं, एवढं आलं तरी पुढच्याला उपयोग होईल. सुरुवात माझ्यापासून.

‘सुरू होत नाही’ म्हणजे काय, हे आधी ठरवा. अजिबात हालचाल नाही, पंखा क्षणभर हलून थांबतो, की पंखे फिरत राहतात पण स्क्रीन काळाच? हे तीन वेगळे दोष आहेत. बटण दाबलं की मदरबोर्ड (पुढे नुसतं ‘बोर्ड’) एसएमपीएसची, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची, ‘चालू हो’ सांगणारी पीएस-ऑन तार ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) जोडतो. एसएमपीएसचे व्होल्टेज स्थिर झाले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘पॉवर गुड’ सिग्नल येतो आणि मग सीपीयू काम सुरू करतो. त्यानंतर रॅम, ग्राफिक्स आणि शेवटी डिस्क. ही साखळी कुठे तुटली ते शोधायचं. डिस्क नसली तरी बायोसचा (बोर्डातच साठवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा) स्क्रीन यायलाच हवा, त्यामुळे काळ्या स्क्रीनसाठी एसएसडी बदलत बसू नका.

*

अजिबात हालचाल नसेल तर एसएमपीएसच्या मागचं बटण ‘I’ कडे आहे ना, ते बघून थेट फ्रंट पॅनलच्या पिनांकडे वळा. बहुतेक बोर्डांवर हे ९ पिनांचं हेडर (तारा लावायच्या पिनांचा गट) असतं: १ आणि ३ डिस्कचा दिवा, २ आणि ४ पॉवरचा दिवा, ५ आणि ७ रीसेट, ६ आणि ८ पॉवर बटण. तरी आपल्या बोर्डाची आकृती मॅन्युअलमध्ये बघाच. दिव्यांना प्लस-मायनस असतं, बटणाला नसतं, त्यामुळे बटणाची जोडणी उलटी झाली तरी चालते. एक पिन सरकली तर मात्र काहीच होत नाही.

कॅबिनेटच्या सगळ्या तारा काढा आणि ६ व ८ या पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी सुरू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा तारेत. नेमका ४ सेकंद चालून बंद पडत असेल तर बटण आत अडकल्याचा संशय घ्या. बटण तेवढा वेळ दाबलेलं राहिलं की बोर्ड स्वतःच वीज तोडतो. अशा वेळी पुष्कळजण उगाच एसएमपीएस बदलतात.

*

एसएमपीएस तपासायचा तर अंदाजाने नको, मल्टीमीटर लावा. नुसतं मेन चालू असताना, बटण न दाबताही, २४ पिनांच्या कनेक्टरच्या ९ व्या पिनवर ५ व्होल्ट मिळायला हवेत. तो स्टँडबाय पुरवठा. तो नसेल तर पॉवर कॉर्ड आणि सॉकेट बघा. ते ठीक असतील तर एसएमपीएस गेला.

पुढची पायरी: मेन बंद करा, एसएमपीएस सगळ्या भागांपासून सोडवा, पिन १६ (पीएस-ऑन) आणि शेजारची १५ किंवा १७ (ग्राउंड) एका तारेने जोडा आणि मग मेन चालू करा. तारा सगळ्या काळ्या असतील तर रंगावर जाऊ नका, आकृतीवरून पिन ओळखा. काही एसएमपीएसचा पंखा भार कमी असताना फिरतच नाही, म्हणून पंखा थांबलेला दिसला तरी निकाल देऊ नका, व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५, ३.३ व्होल्टवर साधारण ३.१४ ते ३.४६ एवढं चालतं. आणि हे फक्त बिनभाराचं मोजमाप आहे. इथे पास झालेला एसएमपीएस ग्राफिक्स कार्डाच्या भाराखाली कोलमडू शकतो. त्याचं कव्हर उघडू नका; प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहते.

*

वरच्याला जोडून, केबलबद्दल कळकळीने सांगतो. मॉड्युलर एसएमपीएसच्या (ज्याच्या केबल सुट्या काढता येतात त्याच्या) केबल दुसऱ्या मॉडेलच्या केबलांत मिसळू नका. बोर्डाकडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. दोन मॉडेलांचे कनेक्टर दिसायला सारखे असले तरी आतली तारांची जुळणी वेगळी असते. १२ व्होल्ट नको त्या पिनवर गेले की डिस्क, बोर्ड काहीही जळू शकतं.

दुसरं, सीपीयूचं ८ पिनांचं कनेक्टर. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कूलरखाली दडलेलं असल्यामुळे ते राहून जातं. मग पंखे फिरतात पण पुढे काही घडत नाही. ते ४+४ असं विभागतं. ग्राफिक्स कार्डाचं ६+२ असतं. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा वेगळ्या आहेत. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा. २४ पिनांचंही खटका ‘टक्’ वाजेपर्यंत बसलं पाहिजे.

*

पंखा क्षणभर हलून थांबत असेल तर शॉर्टचा संशय आधी. एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. बोर्डाला जिथे स्क्रूचं भोक नाही तिथे कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो धातूचा खुंट) राहिलाय का ते बघा. मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये लावताना हे हमखास होतं. पुढच्या यूएसबी ३ च्या हेडरची पिन वाकून शेजारच्या पिनला टेकली आहे का, तेही बघा.

खात्री करायची तर बोर्ड बाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहून नेतो. वर फक्त सीपीयू, कूलर, एक रॅम आणि दोन पॉवर कनेक्टर. इथे चालला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा बाजूला काढलेल्या भागांत. मग एकेक भाग परत जोडा, प्रत्येक वेळी मेन बंद करून. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

*

पंखे फिरतायत, स्क्रीन काळा. बोर्डावरचे चार छोटे दिवे बघा: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क). जो पेटून राहतो तिथे गाडी अडली. दोन आकडी कोड दाखवणारा बोर्ड असेल तर मॅन्युअलमधला तक्ता उघडा. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये ५५ म्हणजे रॅम मिळाली नाही, डी६ म्हणजे चित्र दाखवायला काही सापडलं नाही.

डीरॅमचा दिवा असेल तर एकच रॅम, सीपीयूपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. खटका बसेपर्यंत दोन्ही टोकं सारखी दाबा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही २८८ पिनांच्या, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

डीडीआर५ बाबत धीर धरा! एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने रॅमशी वेळ जुळवून घेणं, काही मिनिटं चालू शकतं, रॅम जास्त असेल तर आणखी. मध्येच बंद केलंत तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. १५ मिनिटं थांबूनही काही झालं नाही तरच पुढे जा.

एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) चालू केल्यावर स्क्रीन गेला असेल तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा: प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून उरलेली वीज संपवा, मग बोर्डावरच्या त्यासाठीच्या दोन पिना (जंपर) एकमेकींना टेकवा किंवा सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा.

*

सीपीयूचा दिवा पेटला की लगेच सीपीयू खराब म्हणू नका, आधी बायोसची आवृत्ती. एएमडीचा बी४५० बोर्ड जुन्या बायोसचा असेल तर रायझन ५००० मालिकेचा सीपीयू ओळखत नाही. इंटेलच्या १२ व्या पिढीच्या काळात आलेल्या बी६६० बोर्डाला १३ व्या पिढीचा सीपीयू लावतानाही तेच. बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट नवा बायोस भरायचं) बटण असेल तर सीपीयू नसतानाही काम होतं: फॅट३२ पेनड्राइव्ह, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव, खूण केलेला यूएसबी पोर्ट. दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत वीज तोडू नका.

मग सॉकेट. एलजीए प्रकारच्या सॉकेटमध्ये पिना सीपीयूला नसून बोर्डावर असतात. टॉर्चचा प्रकाश तिरका टाका, वाकलेली पिन वेगळी चमकते. पिना सरळ असूनही एका बाजूच्या स्लॉटमधली रॅम दिसत नसेल तर कूलरचे स्क्रू जास्त किंवा असमान आवळलेत का ते बघा. थोडे सैल करून, कोपरे समोरासमोर घेत पुन्हा आवळा.

*

व्हीजीएच्या दिव्यासाठी थोडकं. केबल कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डाच्या नाही. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या सीपीयूत ग्राफिक्स नसतं, रायझन ५००० मध्येही सहसा ‘जी’ असेल तरच असतं. तेव्हा कार्ड काढून बोर्डाच्या पोर्टवर तपासायचं ठरवलंत तर आधी हे बघा. कार्डाचे पंखे फिरतायत म्हणजे त्याला पुरेशी वीज मिळतेय असं नाही, पीसीआयई स्लॉट स्वतः ७५ वॉटपर्यंत देतो. नव्या ग्राफिक्स कार्डांचा १२ व्हीएचपीडब्ल्यूआर हा वीज कनेक्टर पूर्ण आत गेला पाहिजे, फट दिसता कामा नये, आणि तोंडाजवळ तार वाकवू नका.

*

एक राहिलं. सुरू होऊन बायोसमध्ये काही क्षणांतच बंद पडत असेल तर तापमान बघा. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिली असेल, नाहीतर लिक्विड कूलरचा पंप जोडलेला नसेल. कूलर उचललात तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. आणि एएम४ (एएमडीचं जुनं सॉकेट, यात पिना सीपीयूला असतात) वर तो सरळ ओढू नका, हलकं फिरवून सोडवा. नाहीतर पेस्टला चिकटून सीपीयू सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात.