मदत हवी आहे : गेंड्या भुंग्याच्या आतड्यातले जिवाणू

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातली, सध्या सांगलीत एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय. प्रकल्पाला नारळावरचा गेंड्या भुंगा घेतलाय. आपल्याकडे हा जुनाच, पण २००७ साली ग्वाम बेटावर पोचला आणि तिथल्या माडांचं फार नुकसान केलं.

याची अळी उकिरड्यातलं कुजलेलं शेणखत खाते. तळहातावर घेतली की अर्धगोल वळते, मागचा भाग कातडीतून काळपट दिसतो. तिथल्याच आतड्यात जिवाणू चोथा आंबवतात. भुंगा मात्र माडाचा कोंब पोखरून रस पितो. खाणंच बदललं! शिवाय कोषात असताना अळीचं आतडं मोडून नवं घडतं. मग भुंग्याच्या पोटातले जिवाणू अळीपासून टिकलेले, की बाहेरून नव्याने आलेले? मला हेच शोधायचंय.

अडलंय ते कोषापाशी. डब्यात ठेवलेले कोष बुरशी लागून मरतात. ओलावा किती ठेवावा? कोषाचं आतडं इतकं मऊ असतं की काढताना फुटतं, त्यावर कुणाकडे युक्ती आहे का? आणि मिरज, तासगाव, इस्लामपूर भागात कुणाच्या उकिरड्यात अळ्या असतील तर कृपया कळवा. फक्त मेटारायझियम टाकलेला उकिरडा नको, त्या बुरशीने अळ्या मरतात. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.