फेब्रुवारीत ऑस्ट्रियात स्कीइंग: पाच जण, पाच तऱ्हा, कुठे जावं?

इझारकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला असतो, फाशिंगच्या (इथल्या फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या) सुट्टीत पाच दिवस ऑस्ट्रियात स्कीइंगला जायचं चाललंय पण गाव काही ठरत नाहीये. नवरा इथेच शिकलाय, लाल पिस्ट (पिस्ट म्हणजे स्कीची उतरण; निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड) आरामात उतरतो, काळीवर पण जातो. मी दोन सीझन क्लास केलेत, निळी जमते पण उतार जरा वाढला की पाय थरथरतात, आणि टी-बारवरून (उभ्याउभ्या वर ओढत नेणारी लिफ्ट) दोनदा पडलेय त्यामुळे त्या लिफ्टची धास्तीच घेतलीये. मुलगी बारा वर्षांची, शाळेच्या स्की कॅम्पला जाऊन आली तेव्हापासून तिला बाबाच्या मागोमाग सगळीकडे जायचंय. धाकटा पाच वर्षांचा, अजून स्की पायात घातलेली नाही. आणि यंदा सासूबाई साताऱ्याहून आल्यात, वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या स्कीइंग करणार नाहीत हे उघडच आहे पण त्यांनी स्पष्ट सांगितलंय की मी रूमवर बसून राहणार नाही, मला वर डोंगरावर यायचंय.

मागच्या वर्षी एका मोठ्या रिसॉर्टला गेलो होतो, नाव घेत नाही. पिस्टचे किलोमीटर बघून निवडलं होतं. झालं काय, नवरा आणि मुलगी सकाळी नऊला वर गेले ते चारला खाली आले, मी आणि धाकटा पार्किंगशेजारच्या छोट्या टेकाडावर श्लिटन (बर्फावरची छोटी घसरगाडी) ओढत दिवस काढला, दिवसभर फोनवर "तुम्ही कुठे, आम्ही कुठे". चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, आपण घरी जाऊया का. ते ऐकून फार वाईट वाटलं. यंदा सगळ्यांना एकत्र वेळ मिळावा एवढंच हवंय. शाकाहारी जेवणाचं पण सांगा प्लीज.

टिरोलचा_मावळा
ताई, मी इन्सब्रुकला बारा वर्षं आहे, दोन्ही मुलं इथेच स्कीइंग शिकली, त्यामुळे अगदी मनापासून सांगतो, किलोमीटर बघूच नका. तुमचा नवरा पाच दिवसांत कितीही पळाला तरी अडीचशे किलोमीटर संपवणार नाही. आधी हे बघा की दुपारी एक वाजता तुम्ही पाचही जण एकाच टेबलावर बसू शकता का. म्हणजे वर एक असं हॉटेल किंवा ह्युट (डोंगरावरचं खाण्या-बसण्याचं घर) पाहिजे जिथे लाल पिस्टवाला खाली येतो, निळीवालीला पण पोचता येतं, लहान मुलांचा सरावाचा उतार समोरच असतो आणि आजी गोंडोलात (रोपवेच्या बंद डब्यात) बसून साधे बूट घालूनच येऊ शकतात. अशी जागा ज्या डोंगराला आहे तो तुमचा डोंगर, बाकी सगळं नंतर.

मॅप उघडला की तीन गोष्टी शोधा. पहिली, निळ्या पिस्ट वरच्या भागात एकमेकींना जोडलेल्या आहेत का, की एकच निळी आहे आणि तिच्या शेवटी लाल लागते, कारण असं खूप ठिकाणी असतं आणि शिकाऊ माणूस तिथेच अडकून रडकुंडीला येतो. दुसरी, लिफ्ट कुठल्या आहेत, तुम्हाला टी-बार नको असेल तर गोंडोला आणि चेअरलिफ्टनेच फिरता येईल असा भाग निवडा. तिसरी गोष्ट खाली दरीत उतरणारी शेवटची पिस्ट. ती मॅपवर निळी दिसली तरी दुपारी साडेतीननंतर तिथे सगळे एकदम उतरतात, बर्फाचे ढीग झालेले असतात, मधेमधे घट्ट बर्फ असतो, पाय थकलेले असतात. तुम्ही आणि धाकटा गोंडोलानेच खाली या. त्यात कमीपणा काही नाही, इथले लोक पण तेच करतात.

आणि हो, इथे निळी म्हणजे सगळ्यात सोपी. फ्रान्समध्ये तिच्याखाली हिरवी असते, इथे तसं नाही, त्यामुळे दोन निळ्यांमध्ये पण बराच फरक असू शकतो.

माझं मत स्कीवेल्ट या टिरोलमधल्या मोठ्या स्की भागाला, त्यातही झ्योल किंवा एलमाऊ या गावांना. झ्योलला होखझ्योल म्हणून मधलं स्टेशन आहे, गोंडोला तिथे थांबते, ह्युट आहेत, तिथून श्लिटनची वाट खाली येते आणि तिथूनच दुसऱ्या गोंडोलाने पुढे होहे साल्वेच्या शिखरावर जाता येतं, १८२९ मीटर. वर एक छोटं चर्च आहे, आजींना आवडेल. बाप-लेकीला वरच्या भागात लाल-काळी मिळेल. शिवाय म्युनिकहून कूफस्टाइन-झ्यूडला हायवे सोडला तर तिथपर्यंत व्हिनयेट (ऑस्ट्रियन हायवेचा टोल-स्टिकर) लागत नाही, २०१९ च्या डिसेंबरपासून. तोटा एकच, गावं सहाशे-आठशे मीटरवर आहेत, हिवाळा गरम गेला तर खाली बर्फ यंत्राच्या तोफांनी मारलेला, कृत्रिमच असतो आणि आजूबाजूला हिरवं गवत दिसतं.

चिमुकल्यांची_आई
वरच्या दादांचं पटतंय पण पाच वर्षांच्या मुलासाठी मी टिरोलमधल्या झेर्फाउस गावालाच जा म्हणेन. गाव १४०० मीटरच्या वर, बर्फाची काळजी कमी, आणि गावाखालून चक्क मेट्रो जाते, चार स्टेशनांची, १९८५ पासून, फुकट. गाड्या गावात जवळजवळ नसतातच त्यामुळे स्की, हेल्मेट, मूल असं सगळं सांभाळत रस्ता ओलांडायचा त्रास नाही. मुलांचा विभाग एवढा मोठा आणि छान आहे की आमची मुलगी तिथून निघायलाच तयार नव्हती. पहिल्या दिवशी बर्फावरच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहून एवढंसं वर जायची, "पिझ्झा" म्हटलं की स्कीची टोकं जवळ आणून ब्रेक, "पॉमेस" (म्हणजे फ्रेंच फ्राइज) म्हटलं की स्की सरळ. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंपणाबाहेर उभी होते, तर ती पिझ्झा करत करत थेट माझ्यासमोर येऊन थांबली, हातमोजे निघून दोरीला लोंबकळत होते, नाक गळत होतं आणि मला म्हणाली, आई तू बघितलंस ना. मी तिथेच रडले.

महाग आहे हे खरं, आणि म्युनिकहून लांब पण पडतं. पण एक गोष्ट कुठेही गेलात तरी पाळा, मुलांचे ग्रुप कोर्स साधारण रविवारी नाहीतर सोमवारी सुरू होतात आणि शेवटच्या दिवशी छोटी रेस होऊन मेडल मिळतं. तुम्ही बुधवारी पोचलात तर मूल अर्ध्यात घुसतं, बाकीचे पुढे गेलेले असतात. आणि फाशिंगला बव्हेरियाची सुट्टी म्हणजे कोर्स आत्ताच बुक करा.

नाशिकची_आजी
सूनबाई, तुझ्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते. मी ६८ वर्षांची, मुलगी स्टुटगार्टला असते, दोन हिवाळे तिच्यासोबत गेले. पहिल्या वेळी मला वर ह्युटमध्ये बसवून सगळे गेले. दृश्य सुंदर, पण चार तास एका खुर्चीत, बाहेर निसरडं म्हणून पाऊल टाकायची सोय नाही, वेटरशी बोलायला भाषा नाही. कुणी वाईट वागलं नाही गं, पण आपण सामान सांभाळायला आलोय असं वाटायला लागतं.

दुसऱ्या वेळी इन्सब्रुकजवळच्या झेफेल्ड गावाला गेलो आणि मी खरंच खूश झाले. १२०० मीटरवरचं सपाट पठार आहे, बर्फातून चालायच्या वाटा मशीनने दाबून सारख्या केलेल्या, बाकं ठेवलेली, घोड्याची स्लेज मिळते. मी रोज सकाळी एकटी तासभर चालून यायचे, काठ्या घेऊन. स्टेशन गावातच आहे, म्युनिकहून गार्मिश, मिटेनवाल्ड करत आगगाडी येते, गाडी चालवायचा ताण नाही. नातवाचा क्लास गावालगतच्या गाइगेनब्युएलच्या उतारावर होता, मी चालत जाऊन त्याला बघायचे, कोको पाजायचे. जावई रोसह्युटे या झेफेल्डच्याच स्की भागात जायचा, तिथे रेल्वे १७६० मीटरपर्यंत नेते, मी पण एकदा वर जाऊन आले. पण तो म्हणायचा की तीन दिवसांत सगळं फिरून झालं, ते पण सांगून ठेवते.

खाण्याचं म्हणशील तर गेर्मक्नोडल घ्या, वाफवलेला मऊ गोळा, आत आलुबुखाराचा मुरंबा, वरून काळी खसखस. कैझरश्मार्न, म्हणजे तुकडे केलेला गोड पॅनकेक, तो पण चालतो. मात्र सूपला फसू नका, पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं सूप शाकाहारी दिसतं पण पाणी गोमांसाचं असतं, दर वेळी विचारायचं. आम्ही स्वयंपाकघर असलेली फेरिएनवोनुंग, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याची जागा, घेतली, संध्याकाळी मुगाची खिचडी आणि साजूक तूप, सगळे तुटून पडायचे.

टिरोलचा_मावळा
काकू, तुमचं वाचून मला माझ्या आईची आठवण आली, आम्ही पण तिला असंच बसवून गेलो होतो. ताई, माझं मत थोडं बदलतो, झेफेल्डचा जरूर विचार करा. नवऱ्याला आणि मुलीला एक दिवस कारने दुसरीकडे पाठवा, इन्सब्रुकच्या आसपास पर्याय भरपूर आहेत.

विम्याचं विसरू नका. डोंगरावरून हेलिकॉप्टरने आणलं तर बिल मोठं येतं आणि ते हेल्थ इन्शुरन्स सहसा देत नाही. जर्मन अल्पाइन क्लबच्या मेंबरशिपमध्ये बचावखर्चाचं कव्हर येतं, फॅमिली मेंबरशिप आहे. सासूबाईंच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये जुन्या गुडघ्याबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा.

इझारकाठ
सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः काकू तुमचे. तुमचा मेसेज मी सासूबाईंना वाचून दाखवला, त्या थोडा वेळ गप्प बसल्या मग म्हणाल्या, त्या बाईंना विचार बूट कुठले घातले होते.

तर झेफेल्ड ठरलं. रविवार ते शुक्रवार, स्वयंपाकघरवाली जागा मिळालीये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. धाकट्याचा सोमवारपासून कोर्स बुक केला. नवरा आधी कुरकुरला, मग त्यानेच मॅप काढून बुधवारी लेकीला कुठे न्यायचं ते ठरवून टाकलं. मी पण सकाळी दोन तास खासगी टीचर घेतेय, त्याला आधीच लिहून कळवलंय की टी-बारवर एकदा माझ्या शेजारी उभा राहा.

काकू, बुटांचं तेवढं सांगा.

नाशिकची_आजी
घोट्याच्या वरपर्यंत येणारे, आत लोकर असलेले, आणि एक नंबर मोठे घ्या म्हणजे जाड मोजे बसतात. बुटाच्या तळाला रबराने ओढून लावायच्या खिळ्यांच्या पट्ट्या मिळतात, तुमच्याकडे सुपरमार्केटमध्ये हिवाळ्यात येतात, त्या पिशवीत कायम ठेवा. फक्त ह्युटच्या आत शिरताना काढायच्या, फरशीवर त्याच घसरतात. आणि त्यांना माझा नमस्कार सांग.