गावाच्या नाल्यांसाठी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र: हरकत घेताना काय विचारावे?

प्रश्न (नदीकाठचा रहिवासी)
आमचे तालुक्याचे गाव वर्धा नदीच्या खोऱ्यात असून लोकसंख्या ६०,०००च्या घरात आहे. भूमिगत गटारे नाहीत. सेप्टिक टाक्यांतून ओसंडणारे पाणी उघड्या नाल्यांत येते आणि दोन मोठे नाले गावाखाली नदीला मिळतात. पोळ्याच्या दिवशी जिथे बैल धुण्यासाठी गर्दी होत असे, तिथे आता जलकुंभी माजली आहे. नगर परिषदेने रोज ६५ लाख लिटर क्षमतेचे, ब्लोअरवर (पाण्यात हवा सोडणाऱ्या विजेच्या यंत्रांवर) चालणारे केंद्र प्रस्तावित केले आहे. नाल्यालगत १२ एकर ई-क्लास (सरकारी चराईची) जमीन आहे. हरकतीत नेमके काय विचारावे?

उत्तर १ (पाणीपुरवठा योजनांवर काम केलेला)
६५ लाखांचा आकडा कुठून आला असेल ते सहज कळते: ६०,००० माणसे, माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी. परंतु १३५ लिटरचे प्रमाण गटारयोजना असलेल्या शहरांसाठी आहे. आपल्याकडे प्रत्यक्षात माणशी ७० लिटरच मिळत असतील, तर सांडपाणी ३४ लाख लिटरांच्या आतच भरेल, आणि त्यातलेही काही वाटेत जमिनीत मुरेल. म्हणून पहिली मागणी अशी असावी की एप्रिल-मे महिन्यांत दोन्ही नाल्यांचा प्रवाह सलग २४ तास, तासातासाला मोजावा. निम्म्या पाण्यावर मोठे केंद्र चालवले की वीजबिल थकते, ब्लोअर बंद होतात आणि घाण पचवणारे आतले जिवाणू मरतात. मग केंद्र कागदावर चालू आणि नाला पूर्वीसारखाच नदीत. जागा असेल तर स्थिरीकरण तलावांचा (उघड्या तळ्यांत सांडपाणी साठवून ऊन, शेवाळ आणि जिवाणूंकडून शुद्ध होऊ देण्याचा) पर्याय विचारावा. त्यांना वीज जवळपास लागत नाही, मात्र दर दहा लाख लिटरमागे दोन एकरांहून अधिक जमीन लागते, म्हणजे १२ एकर ६५ लाख लिटरांना अपुरे पडतील, ३४ लाखांचे मात्र भागेल.

उत्तर २ (नाल्याखालचा शेतकरी)
ई-क्लास म्हणजे गुरांची चराई, हे विसरू नये. ती जमीन घेणार असाल तर चाऱ्याची सोय कोणती, हेही लिहा. शिवाय उन्हाळ्यात आम्ही याच नाल्यावर पंप लावून भाजीपाला काढतो. ते पाणी घाण आहे हे मान्य, पण शुद्ध झालेले पाणी आम्हांला मिळणार की थेट नदीत सोडणार, याचे उत्तर आराखड्यातच हवे.

उत्तर ३ (पाण्याची तपासणी करणारा)
तलावांबाबत एक दुरुस्ती सुचवतो. त्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात शेवाळ असते, त्यामुळे कडक मर्यादा गाठणे अवघड जाते. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांबाहेरील केंद्रांसाठी बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू, म्हणजेच घाणीचे माप) लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठाने) २०१९ मध्ये याहून कडक मर्यादा सांगितल्या. स्नानायोग्य पाण्यात मात्र बीओडी ३ पर्यंतच असावा लागतो. हा फरक नदीच्या वाहत्या पाण्याने भरून निघेल असे गृहीत धरले जाते, आणि आपल्या नद्यांत मार्चनंतर डोह तेवढे उरतात. म्हणजे मे महिन्यात केंद्रातून जे बाहेर पडेल, तीच नदी. जलकुंभी नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसली जाते, ती बीओडी कमी झाल्याने हटत नाही. त्यामुळे वरच्या शेतकरी बंधूंची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: उन्हाळ्यात पाणी शेतात गेले, तर ही द्रव्ये पिकाला खत होतात. अर्थात कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देण्याआधी निर्जंतुकीकरण हवेच.

सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या टँकरांचे काय, हेही विचारा. तो मैला रात्री नाल्यात ओतला गेला, तर कोणतेही केंद्र कोलमडेल. वाई आणि सिन्नर येथे मैल्यासाठी वेगळी केंद्रे उभारली आहेत.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आज प्रकल्प अहवाल पुन्हा चाळला. त्यात नाल्याच्या प्रवाहाचे एकही मोजमाप नाही, आणि टँकरांचा उल्लेखही नाही. हरकतीत हे दोन मुद्दे आधी घेतो. चराईच्या जमिनीबाबत बाजूच्या गावच्या ग्रामपंचायतीशी बोलावे लागेल, कारण त्यांचीही गुरे तिथेच येतात.