मदत हवी आहे: क्लिनिक त्यांचं, नोंदणी माझी. सोमवारी उघडायचंय (ओंटारिओ, कॅनडा)

मणकेवाली | शुक्रवार, २९ मे २०२०

नमस्कार मंडळी,

मी ज्या क्लिनिकमध्ये काम करते ते सोमवारी, १ जूनला उघडतंय. हातात दोन दिवस आहेत आणि डोकं चालेनासं झालंय, म्हणून हा धागा.

मी ब्रॅम्प्टनला कायरोप्रॅक्टर आहे, म्हणजे हाताने मणक्याचे सांधे हलवून पाठदुखी-मानदुखीवर उपचार करते. पुण्यात फिजिओथेरपी केली, मग टोरांटोत चार वर्षं शिकले, लायसन्स मिळून दीड वर्ष झालं. (बाबा सांगलीत सगळ्यांना "मुलगी हाडवैद्य आहे" असं सांगतात. मी सुधारायचं सोडून दिलंय.) क्लिनिक माझं नाही. मी तिथे असोसिएट आहे, म्हणजे पगार नाही, प्रत्येक पेशंटमागे टक्केवारी. मालकही कायरोप्रॅक्टर, या धंद्यात वीस वर्षं मुरलेले. त्यांचं नाव कृपया विचारू नका.

कोविडमुळे १९ मार्चला प्रांताच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांचा आदेश क्रमांक २ आला: तातडीच्या नसलेल्या सेवा थांबवा किंवा अगदी किमान पातळीवर आणा. तेव्हापासून मी जेमतेम सहा पेशंटना हात लावलाय, तेही असे की मी पाहिलं नसतं तर कळवळत इमर्जन्सीत गेले असते. बाकीच्यांना व्हिडिओवर व्यायाम. मंगळवारी, २६ मेला, तो आदेश बदलला आणि रखडलेल्या सेवा हळूहळू सुरू करायला परवानगी मिळाली. आमच्या मालकांनी त्यातला "हळूहळू" सोडून सगळं वाचलं.

त्यांचं वेळापत्रक मार्चपूर्वीचंच आहे. दर दहा मिनिटांना एक पेशंट. एका खोलीत दोन टेबलं, मध्ये पडदा, एकजण शेक घेत पडलेला असताना दुसऱ्याची ट्रीटमेंट. स्क्रीनिंग म्हणजे दाराला चिकटवलेला एक कागद. मास्कचा पन्नासचा एक खोका आणलाय, तो फ्रंट डेस्कच्या मुलीकडे दिलाय "लागलाच तर" म्हणून.

आता टेबलाबद्दल सांगते, कारण ज्यांनी पाहिलं नाही त्यांना माझी अडचण कळणार नाही. डोक्याकडच्या बाजूला दोन गाद्या असतात, मध्ये फट. पेशंट पालथा झोपतो आणि तोंड त्या फटीत घालतो. श्वास, शिंक, लाळ, सगळं तिथे. आजवर वरची कागदाची पट्टी फाडायची, नवी ओढायची, की पुढचा पेशंट. काल मी रिकाम्या क्लिनिकमध्ये गेले आणि घड्याळ लावून पुसून पाहिलं. कागद काढला, गाद्यांच्या वरच्या बाजू, मग फटीच्या आतल्या बाजू, हात टेकायच्या फळ्या, खालचे दांडे आणि खटके (ते मी ट्रीटमेंट देताना दहा वेळा धरते, पण पुसायचं कधी सुचलं नव्हतं). मी वापरलेल्या द्रावणाच्या लेबलवर लिहिलंय की पृष्ठभाग पाच मिनिटं ओला राहिला पाहिजे. सुकवून, नवा कागद लावून, हात धुऊन नऊ मिनिटं झाली. दहा मिनिटांतली उरली एक. त्यात काय करू, नमस्कार?

शिवाय डावीकडच्या गादीच्या कडेला रेक्झिन फाटलंय. तिथे चिकटपट्टी लावलीय, तिचा कोपरा सुटलाय आणि आतला स्पंज दिसतो.

आणि खिडकीत नवं पोस्टर लागलंय. मराठीत सांगायचं तर "मणका सरळ, प्रतिकारशक्ती अव्वल". खाली दोन फोटो: एक मालकांचा, एक माझा. मला कोणी विचारलं नव्हतं.

मी बोलायला गेले तर "नियम काय ते मी बघतो, तू पेशंट बघ" असं उत्तर मिळालं. तर विचारायचं हे की ते बघतायत म्हणजे माझ्यावर जबाबदारी येत नाही, असं असतं का? आणि सोमवारी नाही म्हणायचं तर कसं, म्हणजे काम जाणार नाही असं? दोन महिने घर सरकारी भत्त्यावर चाललंय, फार ताणायची ऐपत नाही.

कायरोप्रॅक्टिक शास्त्र की थोतांड, यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन शिव्या खाईन. या धाग्याचं काश्मीर (न संपणारं भांडण) नको.

---

खडूस_काका | २९ मे

मान कडाकडा मोडतात तेच ना? साथीत कोण जातं मान मोडून घ्यायला?

---

मणकेवाली | २९ मे

काका, अंदाज होताच. कोण येतं सांगते. ब्रॅम्प्टनमधले ट्रक ड्रायव्हर. ते मार्चपासून एक दिवस थांबलेले नाहीत आणि बारा-बारा तास सीटवर असतात. आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दहा आठवडे ऑफिस करणारे.

---

शेवंता_ओटावा | २९ मे

मी नर्स आहे, संसर्ग नियंत्रणात काम करते. तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

सगळे मास्कपासून सुरुवात करतात, तू उलट टोकापासून कर. मंत्रालयाने सेवा परत सुरू करण्यासाठी ज्या अटी काढल्यात, त्यांत उतरंड दिलीय. पहिला प्रश्न: हा माणूस क्लिनिकमध्ये यायलाच हवा का? व्हिडिओवर भागत असेल तर भागव. दुसरा: मध्ये आडोसा घालता येतो का? फ्रंट डेस्कला पारदर्शक काच किंवा प्लास्टिक. तिसरा: कामाची पद्धत. वेळा लांब लांब, वेटिंगमधल्या खुर्च्या काढ, मासिकं आणि पोरांची खेळणी कपाटात, पेशंटने गाडीत थांबायचं आणि फोन आला की आत यायचं. हे सगळं करून जे उरतं त्यासाठी मास्क. उरलेल्यासाठी, हे लक्षात ठेव.

दाराचा कागद म्हणजे अर्धंच काम. स्क्रीनिंग दोनदा हवं, आदल्या दिवशी फोनवर आणि दाराशी माणसाने विचारून. ताप, खोकला, धाप, वास-चव जाणं, कोणाशी संपर्क, प्रवास. एकाला जरी "हो" आलं तर टेबलावर घ्यायचं नाही, तपासणी केंद्राचा नंबर हातात द्यायचा. सगळं "नाही" असेल तरी तू दोन मीटरच्या आत जाणार, तेव्हा तुझ्या तोंडावर सर्जिकल मास्क. कापडी चालणार नाही, कापडी पेशंटसाठी. डोळ्यांना चष्मा किंवा शील्ड. एन-९५ च्या मागे लागू नकोस, तुझ्या कामात तुषार उडवणारी प्रक्रिया नाही, ते आमच्या आयसीयूला लागतात.

पालथ्या पेशंटचा मास्क फटीत दबतो, ओला होतो, वर सरकून डोळ्यांत जातो. जास्तीचे जवळ ठेव. आणि विचार कर, दर पेशंटला पालथं झोपवायलाच हवं का? कुशीवर किंवा बसवून होणारं काम तसंच कर. यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पुसायच्या द्रावणाच्या बाटलीवर डीआयएन बघ, हेल्थ कॅनडाचा आठ आकडी नंबर. नसेल तर ती बाटली खिडक्यांसाठी. ओलं राहण्याची वेळ तू वाचलीस, शाबास, बहुतेक जण फवारून लगेच कोरडं पुसतात. एका मिनिटात काम करणारी हायड्रोजन पेरॉक्साइडची पुसणी मिळतात, महाग आहेत, पण तुझी चार मिनिटं वाचतील.

फाटलेलं रेक्झिन मात्र बाद. स्पंज कितीही पुसला तरी निर्जंतुक होत नाही. चिकटपट्टीने तर नाहीच. ते टेबल बदलेपर्यंत वापरू नकोस.

थोडं अवांतर. २००३ मध्ये सार्स आला तेव्हा कॅनडात ४४ माणसं गेली. त्यात दोन नर्स होत्या आणि एक डॉक्टर. आमच्या सीनियर अजून त्यांची नावं घेतात. त्यामुळे "लागलाच तर" हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

---

गोदाकाठ | शनिवार, ३० मे

मी मिसिसागात फिजिओ आहे. तुमचं कॉलेज वेगळं, आमचं वेगळं, पण कायदा एकच: रेग्युलेटेड हेल्थ प्रोफेशन्स अ‍ॅक्ट, १९९१. इथल्या बाहेरच्या वाचकांसाठी: ओंटारिओत "कॉलेज" म्हणजे नोंदणी आणि शिस्त बघणारी संस्था, अशी २६ आहेत. माझी आई अजून विचारते, "कॉलेजचं पत्र आलं म्हणतोस, तुझं शिक्षण संपलं नाही का?"

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, असं नसतं. कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टर्स ऑफ ओंटारिओच्या यादीत क्लिनिकचं नाव नाही, तुमचं आहे. मालकांचं आहे ते त्यांचं त्यांच्यापुरतं. उद्या पेशंटने तक्रार केली तर ती तुमच्या नावावर, चौकशी समितीपुढे उत्तर तुम्ही देणार, आणि "मालक म्हणाले" हे उत्तर तिथे चालत नाही. मणक्याला झटका देऊन सांधा नेहमीच्या मर्यादेपलीकडे नेणं ही इथे कायद्याने राखून ठेवलेली कृती आहे. ती करण्याचा अधिकार तुम्हाला व्यक्ती म्हणून दिलाय, तर कोणत्या परिस्थितीत करायची हेही तुम्हीच ठरवायचं. सुधारलेल्या आदेशातही कोणती सेवा प्रत्यक्ष द्यायची आणि कोणती दुरून, हा निर्णय सेवा देणाऱ्यावरच सोडलाय.

असोसिएशन आणि कॉलेज यांत गल्लत करू नका. ओंटारिओ कायरोप्रॅक्टिक असोसिएशन तुमच्या बाजूची, ती मास्क कुठे मिळतील हे सांगेल, करार कसा बदलायचा ते सांगेल. कॉलेज जनतेच्या बाजूचं. पण कॉलेजला आधीच प्रश्न विचारणाऱ्याला कॉलेज खात नाही, हे मी अनुभवाने सांगतो. ईमेल करा, उत्तर जपून ठेवा.

पोस्टर सगळ्यात आधी उतरवा, टेबलाच्याही आधी. जाहिरातीबद्दल कॉलेजचे नियम कडक आहेत, आणि मणक्याच्या ट्रीटमेंटने प्रतिकारशक्ती वाढते याला विश्वासार्ह पुरावा नाही, हे तुमच्याच जागतिक संघटनेने, वर्ल्ड फेडरेशन ऑफ कायरोप्रॅक्टिकने, मार्चमध्येच जाहीर सांगितलंय. साथीच्या काळात तसा दावा आणि वर तुमचा फोटो! रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीही मोबाइलवर टिपून कॉलेजला पाठवला की झालं.

नाही कसं म्हणायचं? "तुमचं चुकतंय" म्हणू नका. वीस वर्षं जुना माणूस आहे, अंगावर येईल. लेखी पाठवा: "माझ्या नोंदणीच्या अटींनुसार मी सोमवारपासून अशा प्रकारे काम करू शकेन", आणि खाली तुमचं वेळापत्रक. नकार न देता तुम्ही कशा काम कराल ते सांगताय. आणि फ्रंट डेस्कच्या मुलीचा विचार करा. तुम्ही कंत्राटी, ती नोकर. तिच्या सुरक्षेची जबाबदारी मालकांवर आहे, आणि कामामुळे तिला कोविड झाल्याचं कळलं तर चार दिवसांत श्रम मंत्रालयाला लेखी कळवावं लागतं. हे वाक्य ईमेलात सहज जाऊ द्या. मालक लोक ते दोनदा वाचतात.

---

दाढदुखी | ३० मे

कोल्हापुरात डेंटिस्ट आहे. आमच्याकडे दवाखाना बहुतेक बंदच, फक्त इमर्जन्सी. आपल्या आरोग्य मंत्रालयाने १९ मेला दंतवैद्यांसाठी सूचना काढल्यात, त्यात तुमच्यासारखंच आहे: आधी फोनवर विचारा, वेळा लांब ठेवा. ताई, एका दिवसात किती पेशंट होतात यापेक्षा एका पेशंटला खरा किती वेळ लागतो ते आधी लिहून काढा, मग पैशाचं गणित करा. मी केलं, आणि दोन रात्री झोप लागली नाही, पण आकडा तरी कळला.

भारतात कायरोप्रॅक्टरना आमच्या डेंटल कौन्सिलसारखी परिषद नाही, त्यामुळे "नोंदणी माझी" ही भानगडच मला नवीन. इथे यूट्यूबवर मान मोडणारे बघतो तेव्हा तुमचं कॉलेज आठवेल.

---

खडूस_काका | ३० मे

ते पोस्टर आमच्या सोसायटीतल्या काढावाल्याला दाखवू नका. त्याला नवीन कल्पना मिळेल.

---

मणकेवाली | बुधवार, ३ जून

सगळ्यांचे आभार. शेवंताताई, तुमचा प्रतिसाद छापून टेबलाशेजारी लावलाय.

काय झालं ते सांगते. रविवारी दुपारी गोदाकाठ म्हणतात तसं ईमेल केलं. तासाला दोन पेशंट, आदल्या दिवशी फोन, दाराशी पुन्हा प्रश्न, दोन टेबलांपैकी एकच चालू, पडद्यापलीकडे कोणी नाही. चार दिवसांचं वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात घातलं. रात्री नऊला फोन आला. पंधरा मिनिटं त्यांनी ऐकवलं, भाड्याचे हप्ते, लोक दुसरीकडे जातील, तुम्हा नव्या मुलांना भीतीच फार. मी मध्ये बोलले नाही. शेवटी म्हणाले, "तुझ्या दिवसात तू तुझं बघ." म्हणजे त्यांच्या दिवसात ते त्यांचं बघणार, हे मला कळलंय. पण फ्रंट डेस्कला सोमवारी सकाळी प्लास्टिकचा पडदा लागलेला होता, तो मी मागितला नव्हता. चार दिवसांच्या वाक्याचा असावा.

पोस्टरची गंमत वेगळीच. सोमवारी पाहिलं तर माझ्या फोटोवर पांढरा कागद चिकटवलेला आणि पोस्टर जागच्या जागी! मी म्हटलं, नाव खाली तसंच आहे. काल सकाळी खिडकी रिकामी होती. कोणी काढलं ते फ्रंट डेस्कची मुलगी सांगत नाही, पण तिच्या डस्टबिनमध्ये गुंडाळी होती.

पहिल्या दिवशी सात पेशंट झाले, एरवी चोवीस-पंचवीस व्हायचे. टक्केवारीचं गणित मी अजून केलेलं नाही, दाढदुखी, मला झोप हवीय. एकाला दारातून परत पाठवलं, "थोडा खोकला आहे, पण तो नेहमीचाच" म्हणाला. चिडला. फोन करून व्हिडिओवर घेतलं तर अर्ध्या तासाने निवळला. ट्रकवाले एक काका मात्र मास्क सारखा नाकाखाली ओढतात, त्यांना कुशीवर झोपवून काम केलं आणि प्रत्येक वेळी सांगितलं. पाचव्यांदा सांगितल्यावर म्हणाले, "बेटा, तू माझ्या बायकोसारखी बोलतेस."

कॉलेजला प्रश्न पाठवलाय, उत्तर यायचंय.

आता एकच. टेबल बनवणारी कंपनी नवी गादी सहा आठवड्यांनी देणार म्हणते. तोवर दुसऱ्या टेबलावर भागवतेय, पण त्याची उंची माझ्या कंबरेला जमत नाही, आणि हाडवैद्याचीच कंबर धरली तर बाबांना काय सांगू. ब्रॅम्प्टन-मिसिसागा भागात गाडीच्या सीटा शिवणारा कोणी खात्रीचा माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रेक्झिन मी आणून देईन, पण शिवण फटीच्या आतल्या बाजूला यायला नको, तिथे पुसणं पोचत नाही.