शब्दचर्चा: 'क्लिपलेस' बूट म्हणजे नेमका कोणता बूट?

मूळ प्रश्न

रविवारी पहाटे आम्ही इंदूरचे सातआठ जण सायकली काढतो. कधी महूवरून जानापावच्या पायथ्यापर्यंत, कधी सिमरोलच्या अंगाने तिंछाकडे. माझ्या आत्तेभावाने दिवाळीत एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, घेतली आणि दोन महिन्यांत त्याला पायडलात अडकणारे बूट हवेसे झाले. त्याच्या अटी दोनच. खिशाला परवडावेत, आणि दिसायला साधे असावेत, म्हणजे परतताना तेच घालून पोहे-जिलबीच्या गाडीवर उभं राहता येईल. दुकानात त्याने 'क्लिपलेस' बूट मागितले. "भिया, बिना क्लिप वाले ये ही हैं," म्हणून हातात पडले ते सपाट रबरी तळव्याचे बूट. तळाला ना खाच, ना बोल्टची जागा. दुकानदाराने शब्दाचा सरळ अर्थ घेतला, त्याला मी दोष देत नाही. पण एकदा चिखलातून नेलेले बूट कोण परत घेणार?

शब्दापायी माणसाचे पैसे जात असतील तर त्या शब्दाचं काहीतरी करायला हवं. म्हणून हा प्रश्न.

शब्द असा उलटा का झाला ते आधी सांगते. पूर्वी शर्यतीच्या सायकलच्या पायडलाला पुढून पोलादी पिंजरा असायचा आणि त्यातून चामड्याचा पट्टा ओवलेला. त्या पिंजऱ्याचं नाव टो-क्लिप. त्यात पाय घालायचा, वाकून पट्टा ओढायचा, थांबायच्या आधी पुन्हा वाकून तो सैल करायचा. लूक ही फ्रेंच कंपनी बर्फावर घसरायच्या स्कीवर बूट धरून ठेवणारे चाप बनवायची. तिने १९८४ मध्ये तसाच चाप पायडलात आणला, आणि १९८५ ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने त्याच पायडलांवर जिंकली. टो-क्लिप गेली म्हणून पायडल 'क्लिपलेस'. पण पाय तर त्यात खट्कन अडकतोच, आणि इंग्रजी बोलणारेही त्या अडकण्याला 'क्लिप इन' म्हणतात! नवख्याने काय समजावं?

तुम्ही काय म्हणता या पायडलाला, या बुटाला?

प्रतिसाद (सुदामानगर)

ताई, आपल्याकडे याचं भावंड आहे: बिनतारी. तार गेली आणि नाव तिच्या नसण्यावरून पडलं. त्याच चालीवर 'बिनक्लिपी' का नको?

मूळ लेखिका

मला बिनतारी फार आवडतो. पण तो रुजला कारण तारा सगळ्यांनी पाहिल्या होत्या, खांबाखांबावर. टो-क्लिप आपल्याकडे कितीजणांनी पाहिली? जे पाहिलंच नाही त्याच्या नसण्यावरून वस्तू कशी ओळखणार? 'बिनक्लिपी' मागितलं तर पुन्हा तेच सपाट बूट हातात येतील.

प्रतिसाद (महू)

मी छावणीत वाढलो, लहानपणी घोडे जवळून पाहिले. तुमचा प्रश्न वाचला आणि शब्द समोर येऊन उभे राहिले. तुमची टो-क्लिप म्हणजे रिकीब. पाय आत घालायचा, आणि पडताना तो अडकला तर घोडा फरफटत नेणार. बुटाच्या तळाला जी लोखंडी पट्टी बोल्टने बसवतात, ज्याला तुम्ही मंडळी क्लीट म्हणता, ती म्हणजे नाल. आमच्या लहानपणी मोची बुटांच्या टाचेला नाल ठोकून द्यायचा आणि फरशीवर टक टक आवाज यायचा. होळकरांच्या मुलखात राहून घोड्याचे शब्द सायकलला द्यायला काय हरकत आहे?

मूळ लेखिका

आजोबा, तुमच्या 'रिकीब'ने माझा गोंधळच मिटला. जुनं ते रिकिबीचं पायडल, नवं ते खटक्याचं. बंदुकीला खटका, दिव्याला खटका, तसाच याला. दाबलं की धरतो, टाच बाहेर वळवली की सोडतो. आणि क्लीटला नाल. मी आजपासून आमच्या नाली सैल झाल्यात का ते बघायला सांगणार सगळ्यांना.

प्रतिसाद (देवास)

एक दुरुस्ती. मराठीत 'नाल' पुल्लिंगी. तो नाल, ते नाल. घोड्याचा नाल. 'नाल ठोकली', 'नाली सैल झाल्या' हे आपण मालव्यातले लोक हिंदीच्या वळणाने म्हणतो. शिवाय 'नाली' म्हटलं की गटार आठवतं.

मूळ लेखिका

मान्य, दादा. घरात हिंदी-मराठी एकाच ताटात वाढलेली असते, लिंग कधी बदलतं कळत नाही. तो नाल.

प्रतिसाद (राऊ)

दुकानात नाल मागाल तर काही मिळणार नाही. क्लीट म्हणा.

मूळ लेखिका

दुकानात क्लीटच म्हणायचं, त्याबद्दल वाद नाही. समजून घ्यायला नाल आणि मागायला क्लीट.

प्रतिसाद (वडोदरा)

पेडल की पायडल? माझे सासरे 'पायडल मारणे' म्हणतात आणि मुलं त्यांना सुधारतात.

मूळ लेखिका

मुलांना सांगा, आजोबांना सुधारू नका. इंग्रजी शब्द लॅटिनच्या पायवाचक शब्दावरून आला, आपला 'पाय' संस्कृत 'पाद'वरून, आणि दोन्हींचं मूळ एकच. परका शब्द मराठीत आला आणि आपल्याच दूरच्या चुलतभावाला बिलगला. 'पायडल' हा मला आपल्या भाषेतला एक सुरेख शब्द वाटतो, म्हणून मी तोच लिहिते.

प्रतिसाद (राऊ)

शब्दांचं झालं. आत्तेभावाने आता घ्यायचं काय? मलाही घ्यायचे आहेत, बजेट बेताचं आहे.

मूळ लेखिका

'क्लिपलेस' हा शब्द विसरा आणि बूट उलटा करून बघा. चवड्याखाली दोन लांबट समांतर खाचा आणि त्यात बोल्टची जागा असेल तर तो आपल्या कामाचा. ही दोन बोल्टांची पद्धत शिमानो या जपानी कंपनीने १९९० मध्ये एसपीडी नावाने आणली आणि डोंगरी सायकलींवर तीच रुळली. तीन भोकं दिसली तर तो रस्त्यावरच्या शर्यतीचा बूट, त्याचा क्लीट तळाबाहेर येतो आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. आपल्या बुटात तो रबराच्या नक्षीत आत दबलेला असतो. म्हणून तर चालता येतं, चढावर सायकल ढकलता येते, पोह्यांच्या रांगेत कुणाचं लक्षही जात नाही. 'कॅज्युअल' दिसण्याचं गुपित वरच्या कापडात कमी आणि या दबलेल्या क्लीटमध्ये जास्त आहे.

मग बूट दोन्ही हातांनी धरून वाकवा. सहज दुमडला तर ठेवून द्या. तासाभराने क्लीट तळव्याला टोचायला लागतो आणि पाय बधिर होतो. पार लाकडासारखा कडकही नको, त्याने चालवत नाही. पैसे थोडे असतील तर ते तळासाठी द्या, रंगासाठी नको. नाड्या असतील तर त्या खोचायला पट्टी किंवा इलॅस्टिक आहे का बघा, चेनमध्ये गुंतलेली नाडी फार वाईट पाडते. बुटासोबत क्लीट बहुधा येत नाहीत, शिमानोच्या पायडलांसोबत येतात. पायडल घेणारच असाल तर क्लीट वेगळे विकत घेऊ नका. आणि दुसऱ्या कंपनीच्या पायडलाला बहुधा तिचेच क्लीट लागतात, दोन बोल्टांचे असले तरी.

पहिल्यांदाच घेत असाल तर शिमानोचा एसएच-५६ हा क्लीट बघा. नेहमीचा एसएच-५१ टाच बाजूला वळवली तरच सुटतो. ५६ इतर दिशांनाही सुटतो, घाबरून पाय वर ओढला तरी बहुतेक वेळा सोडतो. पायडलावर छोटा स्क्रू असतो, त्याने पकड सैल करता येते. सुरुवातीला सगळ्यात सैल ठेवा.

प्रतिसाद (देवास)

ताई, तुम्ही पडलात का कधी?

मूळ लेखिका

पडले, आणि ते सांगायलाच हवं. चोरलच्या रस्त्यावर पुढे म्हशी आडव्या आल्या, मी थांबले, उजवी टाच बाहेर वळवली. बूट वळला, पाय सुटला नाही. पुन्हा वळवली, पुन्हा तेच. सायकल हळूहळू उजवीकडे कलली आणि कोपर डांबरावर. उठून पाहिलं तर क्लीटच्या दोन बोल्टांपैकी एक वाटेत कुठेतरी पडला होता. एकाच बोल्टवर क्लीट गोल फिरतो, टाच कितीही वळवा, चापाला काही कळतच नाही. शेवटी बुटाची नाडी सोडून पाय बाहेर काढला आणि बूट पायडललाच लटकत राहिला. तेव्हापासून चार मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) खिशात असते आणि निघण्याआधी चारही बोल्ट तपासते. बसवताना बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर गंजून दुसऱ्या टोकाची अडचण, उघडतच नाहीत.

प्रतिसाद (महू)

पावसाळ्यात आमची काळी माती त्या खाचेत भरत नाही का? शेतातून चाललं की एकेक पाऊल शेरभर जड होतं.

मूळ लेखिका

भरते, आजोबा, आणि खटका लागेनासा होतो. पायडलावर पाय दोनतीनदा आपटला की ओली माती निघते. वाळली तर ती सिमेंटच होते. मी बाभळीचा काटा वापरते, कोपऱ्यातली माती त्याने जितकी नीट निघते तितकी स्क्रूड्रायव्हरने नाही निघत. क्लीटभोवतीचं रबर दाट आणि खाच अरुंद असेल तर माती जास्त अडकते, म्हणून बूट घेताना क्लीटच्या चारी बाजूंना थोडी मोकळी जागा आहे ना, तेही बघावं.

प्रतिसाद (राऊ)

बूट घेतले! पण तळाला खाचाच नाहीत, चवड्याखाली एक रबरी चौकोन आहे. पुन्हा फसलो का?

मूळ लेखिका

नाही, थांबा, परत करू नका. चौकोनाच्या कडेने बारीक घळ आहे का? असेल तर ते झाकण आहे. काही बुटांत ते दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं, काहींत धारदार कटरने त्या घळीतून कापून काढावं लागतं. एका कोपऱ्यापासून सुरू करा, पात्याचं टोक उथळ ठेवा, आणि कापण्याआधी बूट घरात घालून अर्धा तास चाला. माप चुकलं असेल तर कापलेला बूट दुकानदार घेणार नाही.