मिस्सा आणि प्रेमगीत

कुणी म्हणेल की युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात चर्चचं संगीत आणि दरबारी गाणी यांच्या वाटा अगदी वेगळ्या होत्या. प्रकरण त्याहून मजेशीर आहे.

१३व्या शतकातल्या फ्रेंच मोटेटमध्ये (एकाच वेळी अनेक आवाजांनी वेगवेगळे शब्द गायचा गानप्रकार) खालचा आवाज, म्हणजे टेनर, लॅटिन स्तोत्राचा तुकडा लांब स्वरांत धरून ठेवतो (टेनर हा शब्दच 'धरणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलाय). त्याच वेळी वरचे दोन आवाज बऱ्याचदा फ्रेंच प्रेमकविता गातात, त्याही वेगवेगळ्या! ऐकणाऱ्याला शब्द किती कळत असतील, देव जाणे.

१५व्या शतकात उलटं घडलं. गियोम द्युफाय या संगीतकाराने 'से ला फास ए पाल' या स्वतःच्याच प्रेमगीताचा टेनर उचलून त्यावर चार आवाजांची अख्खी मिस्सा (कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेचं संगीत) रचली. गाणं काय, तर माझा चेहरा फिका पडलाय, कारण प्रेम. ग्लोरिया आणि क्रेडो या मिस्साच्या भागांमध्ये हा टेनर तीनदा येतो: आधी तिप्पट संथ, मग दुप्पट, शेवटी मूळ लयीत. ठाय-दुगुनीची सवय असलेल्या कानांना गंमत कळेल. पहिल्या फेरीत चाल ओळखूच येत नाही, शेवटी एकदम उघडी पडते.

'लोम आर्मे' या लौकिक गाण्यावर तर चाळीसच्या आसपास मिस्सा आहेत. चर्चला हे सगळं गोड वाटत होतं असंही नाही. पोप जॉन बाविसावे यांनी १३२४-२५च्या सुमारासच स्वरांचे तुकडे पाडणाऱ्या आणि स्तोत्रात लोकभाषेतले आवाज घुसडणाऱ्या गायकांना झापलं होतं. कुणी फारसं ऐकलं नाही.